सुरमई मिळाली, लिलाव हुकला

दुपारी २:००

हर्णैचं बंदर भरती-ओहोटीच्या तालावर चालतं, त्यामुळे इथला दिवस तारखेवर नाही, तिथीवर मोजतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज आश्विन वद्य नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पावणेसातला भरती, एकच्या सुमारास ओहोटी, आणि आता दोन वाजता पाणी परत चढायला लागलेलं. दिवाळी चार दिवसांवर. अष्टमी नुकतीच गेल्यामुळे समुद्राला भांग आहे, उधाण नाही. पाण्याला फार ओढ नाही, रात्री एक वाजेपर्यंत चंद्र नाही. सुरमईच्या जाळ्याला याहून चांगली रात्र मिळायची नाही, कारण काळोखात माशाला जाळं दिसत नाही.

बोटी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेल्या. किनाऱ्यावरून छोट्या होडीनं बर्फ जातो, डिझेलचे कॅन जातात, पिण्याचं पाणी जातं. मासा येताना याच होड्या आणि वाळूवरच्या बैलगाड्या. पाहुण्यांना ते फार सुंदर दिसतं, मोबाइल बाहेर निघतात. बर्फाची गोणी खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्याला त्यातलं सौंदर्य विचारू नये.

दुपारी ३:१५

बोटीवर सहा माणसं: तांडेल, मशीन सांभाळणारा ड्रायव्हर आणि चार खलाशी. त्यांतले दोघे गावचे, एक कर्नाटकातला, एक नेपाळचा. समुद्र नसलेल्या देशातला माणूस पोटासाठी अरबी समुद्रावर येतो, याचं आता रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही. मी सातवा, कामाचा नसलेला. बोटीचा नाखवा, म्हणजे मालक, किनाऱ्यावरच असतो. तो हिशेब बघतो.

सामान मोजून घेतलं जातं. डिझेल सव्वाशे लिटर, बर्फ, तांदूळ, कांदे-बटाटे, मसाला, विडीकाडी. परवाना, बोटीची कागदपत्रं, प्रत्येकाचं ओळखपत्र. लाइफ जॅकेटं आहेत, वायरलेस आहे, जीपीएस आहे. इस्रोनं बनवलेलं संकटसूचक यंत्रही केबिनच्या टपावर आहे. बोट बुडायला लागली, आग लागली, कुणाचा जीव धोक्यात आला तर त्याचं बटण दाबायचं, की इशारा उपग्रहावरून तटरक्षक दलाकडे पोचतो.

मशीनच्या सुट्या भागांची एक पत्र्याची पेटी आहे. त्यात दोन पट्टे, डिझेलचा फिल्टर, थोडे नट-बोल्ट, इन्सुलेशन टेप, एक जुना इंजेक्टर. ड्रायव्हरनं पेटी उघडली, बघितली आणि तांडेलाला म्हणाला, “दादा, इम्पेलर नाय हा. गणपतीत बदलला तो शेवटचा.”

“सांगितलाय नाखव्याला,” तांडेल म्हणाला. “पुढच्या फेरीला आणतो म्हणतो.”

नाळेवर अगरबत्ती लागली, सगळ्यांनी समुद्राला हात जोडले, नांगर वर आला.

संध्याकाळी ६:००

पावणेतीन तास पश्चिमेला. किनाऱ्यापासून अठरा सागरी मैल. राज्याचा समुद्र बारा मैलांवर संपतो, तो मागे पडला. खाली पाणी वीसेक वाव, सूर्य टेकलेला, वारा मंद. तांडेल फिश फाइंडरकडे बघतो, पण त्याहून जास्त पाण्याकडे बघतो. पाण्याचा रंग, पक्ष्यांची झेप, लहान माशांची खळबळ. यातलं मला काहीच दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं.

“मारा,” तो म्हणाला.

जाळं म्हणजे दीडेक किलोमीटर लांबीची नायलॉनची भिंत. वर तरंगणाऱ्या गोळ्यांची दोरी, खाली वजनांची. सुरमईच्या जाळ्याची आस मोठी असते. मासा डोकं घालतो, अंग पुढे जात नाही, मागे फिरावं तर कल्ल्यात धागा अडकतो. बोट अगदी हळू पुढे सरकत राहते आणि मागून जाळं उतरत जातं. गुंता होऊ न देता ते सोडणं हे कसब आहे. चौघे एका शब्दाशिवाय तासभर ते करत होते. शेवटच्या टोकाला लुकलुकणारा दिवा, आणि दुसरं टोक बोटीला बांधलेलं. मशीन बंद झालं आणि कानांना पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला.

रात्री ८:१५

भात, कालवण, कांदा. कालवण येतानाच गळाला लागलेल्या एका कुप्याचं. तिखट असं की मला दोनदा पाणी प्यावं लागलं, नेपाळी खलाशी हसला आणि त्यानं वरून आणखी एक मिरची खाल्ली.

नैऋत्येला क्षितिजावर उजेड दिसत होता, जणू तिकडे पहाट होतेय. एलईडीवाले. दिव्यांच्या झोतानं मासा गोळा करायचा आणि वेढून उचलायचा. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. बंदी कागदावर आहे आणि उजेड समुद्रावर आहे. तांडेल तिकडे बघून थुंकला आणि आडवा झाला. दोघे पाळीनं जागे: बोटीचा दिवा चालू आहे ना, एखादं मोठं जहाज जाळ्यावर चालून येत नाही ना, एवढं बघायला.

रात्री १:००

चंद्र वर येताच जाळं ओढायला घेतलं. मशीन चालू, बोट जाळ्याच्या दिशेनं हळू हळू, आणि सहा माणसांचे बारा हात. पहिल्या पन्नास मीटरला काहीच नाही. मग एक शिंगाळा. मग एकदम तीन सुरमया, मनगटाहून जाड, चंद्राच्या उजेडात चांदीच्या पट्ट्यांसारख्या. कुणी ओरडलं नाही. मासा मिळायला लागला की हे लोक गप्प होतात, मला वाटतं दृष्ट लागायला नको म्हणून.

ओढायचं, सोडवायचं, बर्फात टाकायचं. सुरमई धाग्यातून सोडवताना कल्ला फाटू द्यायचा नाही, कारण किनाऱ्यावर विकत घेणारा पहिल्यांदा कल्ला उचलून बघतो. लाल असेल तर ताजी, विटकरी झाली की भाव पडला. पकडलेल्या माशाइतकाच बर्फ हवा, असा साधा हिशेब आहे. पण बर्फ फेरीच्या वेळेप्रमाणेच घेतात. सकाळी सातला परत यायचं तर दुपारच्या उन्हासाठी कोण बर्फ भरेल?

पहाटे ४:१०

जाळं संपलं. पन्नास किलोच्या आसपास सुरमई, साधारण तेवढाच कुपा, किरकोळ शिंगाळा आणि एक लहान मुशी. फार मोठी फेरी नाही, पण दिवाळीपुरती बरी. आज दशमी, म्हणजे साडेसातला भरती. पावणेतीन तासांत बंदर. भर पाण्यात होडी थेट वाळूला, आणि सकाळचा लिलाव. हर्णैत लिलाव दोनदा होतो, सकाळी आणि चारच्या पुढे संध्याकाळी. तांडेलानं सगळं असं जुळवून आणलं होतं की मनातल्या मनात दाद द्यावी.

पहाटे ४:४०

बोटीच्या कुशीला एक पाइप असतो. मशीन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढलं जातं, फिरून गरम झालेलं पाणी या पाइपातून बाहेर पडतं. ही धार चालू आहे तोवर मशीन ठीक. खलाशी झोपेतही तिचा आवाज ऐकतात, असं म्हणतात. मला ते खोटं वाटायचं. पण धार थांबली तेव्हा डोक्यावर गोणपाट घेऊन झोपलेला गावचा पोरगा माझ्याआधी उठून बसला.

“पाणी नाय पडत!”

ड्रायव्हर खाली उतरला तोवर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. त्यानं क्षणात मशीन बंद केलं. इथं त्यानं दोन मिनिटं घालवली असती तर हेड गॅस्केट उडालं असतं आणि ही गोष्ट लाखाच्या घरात गेली असती.

पहाटे ५:००

कारण सापडायला वेळ लागला नाही. पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. कर्नाटकातला खलाशी कमरेला दोरी बांधून काळोख्या पाण्यात उतरला आणि ती काढून वर आला. दुधाची पिशवी नव्हे, दुकानातली साधी पातळ पिशवी. शहरातल्या कुठल्या नाल्यातून, कुठल्या खाडीतून ती अठरा मैल आली कोण जाणे.

पिशवी निघाली तरी पाणी येईना. म्हणजे पंप. ड्रायव्हरनं पंपाचं झाकण उघडलं. आत रबराचं एक फूल असतं, सहा पाकळ्यांचं. ते फिरतं आणि पाणी पुढे ढकलतं. त्या रबराला पाण्याचंच वंगण. पाणी तुटलं की कोरडं घासून मिनिटा-दोन मिनिटांत पाकळ्या तुटतात. सहापैकी चार गेल्या होत्या. तुटलेले तुकडे पुढे पाइपात अडकलेले, तेही एकेक करून चिमट्यानं काढावे लागले. हेच ते इम्पेलर. तळहातावर मावणारं.

पत्र्याची पेटी पुन्हा उघडली गेली. सगळ्यांना माहीत होतं की त्यात नाही. तरी उघडली.

सकाळी ५:४५

अशा वेळी बोटीवर कुणी कुणाला बोल लावत नाही, हे मी पाहिलं. तांडेलानं आधी नांगर टाकायला लावला. रात्रीचा मतलई वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो, बोट आणखी बाहेर गेली असती. मग वायरलेस. अठरा मैलांवरून बुटक्या अँटेनाचा आवाज बंदरापर्यंत पोचत नाही. बंदराकडे निघालेल्या एका बोटीनं निरोप घेतला आणि पुढे सांगितला. ती बोट वळली नाही. तिचा मासाही सकाळच्या लिलावाला पोचायचा होता. मला क्षणभर राग आला. तांडेलाला आला नाही. “जीवाचा प्रश्न असता तर तो आला असता,” तो म्हणाला. “हा तर मशीनचा आहे.”

टपावरचं संकटसूचक बटण कुणी दाबलं नाही, आणि ते बरोबरच. समुद्र शांत, बोट कोरडी, माणसं धडधाकट. खऱ्या बुडणाऱ्याची मदत अडवायची नाही.

सकाळी ६:३०

ड्रायव्हरनं एक युक्ती काढली. बोटीच्या तळात साचणारं पाणी उपसायला बॅटरीवरचा छोटा पंप असतो. त्याला समुद्रात सोडायचं, नळी मशीनच्या थंड पाण्याच्या वाटेला जोडायची आणि मशीन अगदी मंद चालवायचं. सायकलची ट्यूब कापून नळीचा सांधा बांधला, वर तारेचे वेढे. मशीन चालू झालं, कुशीतून करंगळीएवढी धार पडायला लागली. नांगर उचलला. जीपीएसवर दोन मैलांचा वेग. हिशेबानं बंदर नऊ तासांवर, पण बोट चालत होती. संध्याकाळचा लिलाव तरी मिळेल, असं पहिल्यांदा कुणीतरी बोललं.

पाऊण तासानं पंप जळाला. तो अधूनमधून पाच मिनिटं चालवायचा पंप. त्याच्याकडून सलग नऊ तासांची अपेक्षा करणं हाच अन्याय होता. पुन्हा नांगर.

ड्रायव्हरनं मग चहा केला. त्याच्या हाताला गरम पाइप लागून फोड आला होता, त्यावर टूथपेस्ट लावली. या माणसानं कुठं शिक्षण घेतलं, असं विचारलं तर म्हणाला, “ट्रकच्या गॅरेजात. मशीन तेच हो, फक्त रस्ता ओला.”

सकाळी ८:०० ते १०:३०

काही नाही. ऊन. ऑक्टोबरचं ऊन समुद्रावर दोनदा लागतं, एकदा वरून आणि एकदा पाण्यातून. ताडपत्री मासळीच्या खणावर टाकली, माणसं उन्हात बसली. खणाचं झाकण उघडायचं नाही असा हुकूम, तरी तासातासानं तांडेल स्वतःच जरासं उचलून हात घालून बघायचा. बर्फाचे खडे लहान होत होते.

बंदरातला सकाळचा लिलाव आता उरकला असणार. गावचा पोरगा म्हणाला, आज सुरमई पाचशेला गेली असेल. कुणी उत्तर दिलं नाही.

सकाळी १०:४५

ओढायला बोट आली. हर्णैचीच. तिनं पहाटेचा आपला मासा लिलावात विकला, डिझेल भरलं, आणि झोप न घेता तिचा तांडेल परत बाहेर पडला. दोघांत बोलणं झालं ते असं:

“काय रे, पाणी?”

“पाणी.”

“दोर दे.”

नाळेला जाड दोर, मधे एक जुनं टायर बांधलेलं, म्हणजे लाटेचा झटका दोरावर थेट येत नाही. वेग अडीच मैलांच्या जरा वर. ओढणाऱ्यानं जास्त घाई केली तर नाळेची फळी उचकटते. लाकडी बोटीत हा धोका खरा आहे.

आमच्या टाकीत चाळीसेक लिटर डिझेल उरलं होतं. परतीचं. ते कॅनमधून त्या बोटीला दिलं. त्याचा जाण्या-येण्याचा खर्च याहून कितीतरी जास्त होता. तांडेलानं बाकीचं नंतर देतो म्हटलं तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे. उद्या माझी पाळी.” विम्याचा अर्ज, पंचनामा, साक्षीदार, काही नाही. या बंदरात हाच विमा सगळ्यांत लवकर पोचतो.

दुपारी १:३०

दोर एकदा तुटला. अर्धा तास गेला. जेवायला सकाळचाच भात. तोंडात वास उन्हाचा, डिझेलचा आणि आता थोडासा माशाचाही. ताज्या माशाला वास नसतो.

संध्याकाळी ४:३०

सुवर्णदुर्गाची रेघ दिसायला लागली. मोबाइलला रेंज आली आणि सहाही फोन एकदम वाजले. घरची माणसं सकाळपासून किनाऱ्यावर येऊन जाऊन होती. नाखव्याचाही फोन आला. त्यानं पहिला प्रश्न माणसांचा केला, हे मी नमूद करतो. दुसरा सुरमईचा.

याच वेळी वाळूवर लिलाव चालू होता. माशांचे ढीग, भोवती व्यापारी, टोपल्या घेतलेल्या बायका, लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज, मागे मुंबई-पुण्याला जाणारे टेम्पो. आम्हाला ते अजून दिसत नव्हतं, पण तांडेल घड्याळाकडे ज्या प्रकारे बघत होता त्यावरून कळत होतं.

संध्याकाळी ६:१५

बंदर. लिलाव संपलेला. टेम्पो निघून गेले. एक व्यापारी थांबला होता, फोन करून थांबवलेला. थांबणाऱ्याला भाव ठाऊक असतो. त्यानं अंगठ्यानं कल्ला उचलला, मोबाइलची बॅटरी मारली आणि म्हणाला, “दोनशे ऐंशी.” तांडेलानं घासाघीस केली नाही. पाचशेचा माल दोनशे ऐंशीला. कुपा साठ रुपयांनी. शिंगाळा आणि मुशी घरी वाटून घेतली.

रात्री ८:००

नाखव्याच्या ओटीवर हिशेब. या बोटीची रीत अशी: फेरीचा खर्च आधी वजा, उरलेल्यातला अर्धा भाग बोटीचा आणि जाळ्यांचा, म्हणजे नाखव्याचा, आणि अर्धा माणसांचा. माणसांच्या भागात तांडेलाचे दोन वाटे, ड्रायव्हरचा दीड, खलाशांचा एकेक. एकूण साडेसात.

सुरमईचे १४,००० आणि कुप्याचे ३,०००, मिळून १७,००० रुपये. खर्च: डिझेल ११,५००, बर्फ २,५००, शिधा १,५००, एकूण १५,५००. उरले १,५००. माणसांचे ७५०, म्हणजे एका वाट्याला १०० रुपये. बोट वेळेवर आली असती आणि पाचशेचा भाव मिळाला असता, तर हाच वाटा सव्वाआठशेच्या वर गेला असता.

शंभर तर शंभर, असं म्हणून नेपाळी खलाशानं हात पुढे केला होता. तेवढ्यात नाखव्यानं वहीत आणखी एक ओळ लिहिली. इम्पेलर आणि गॅस्केट, १,५०० रुपये, फेरीच्या खर्चात.

ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, ती दुरुस्ती हाय. बोटीच्या खात्यावर जाते.”

नाखवा म्हणाला, “फेरीत मोडला, फेरीत धरला.”

बंदरातली जुनी रीत ड्रायव्हरच्या बाजूची आहे: इंधन, बर्फ, शिधा फेरीचा; मशीन नाखव्याचं. सुटा भाग आणायचा की नाही हे खलाशाला कुणी विचारत नाही, मग तो न आणल्याची किंमत त्याच्या वाट्यातून का? नाखवा वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर बोटीचं कर्ज आहे, डिझेलचा परतावा वेळेवर येत नाही, पावसाळ्यातले बंदीचे दोन महिने जून-जुलै तो उसनवारीवर काढतो. तरीही त्या रात्री त्यानं केलं ते चूकच होतं.

वाटा शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी नाखव्याचा मुलगा मोटारसायकलनं दापोलीला जाऊन इम्पेलर घेऊन आला. एकच आणला.